शैशवावस्था आणि पडद्याची साधने

शैशवावस्था आणि पडद्याची साधने : जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंतच्या बालकांनी दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी (मोबाइल), टॅबलेट, संगणक इ. प्रकाशमान पडद्याची साधने वापरावीत की नाही, वापरल्यास कोणत्या वयापासून, किती वेळ व कोणाच्या सोबतीने वापरावीत, हा बालरोगविज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या सीमेवरील एक महत्त्वाचा प्रश्न होय. बालक दिवसातून जितका काळ पडद्यासमोर घालविते, त्यास ‘पडदाकाल’ (स्क्रीन टाइम) असे म्हणतात. त्यात बालकाने स्वतः हाताळलेल्या साधनाचा वेळ तर येतोच. परंतु घरात इतरांसाठी चालू असलेल्या व बालकाच्या कानांवर आणि डोळ्यांवर सतत आदळणाऱ्या पार्श्वभूमीवरील पडद्याचाही विचार करावा लागतो.

पूर्वेतिहास : हा प्रश्न मुळात दूरचित्रवाणीबरोबर उद्‌भवला. भारतात दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग (साइट) करण्यात आला व त्यात शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम होते. त्या काळातील पडद्याची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत : संच एका जागी स्थिर असे, तो बहुधा अनेकांनी मिळून पाहिला जाई आणि कार्यक्रमांची वेळ ठरलेली असून ती संपताच संच बंद होई. त्यामुळे बालकाच्या पाहण्याला आपोआपच मर्यादा पडत असे.

पुढे स्पर्शाने चालणारे भ्रमणध्वनी आले, एप्रिल २०१० मध्ये आयपॅड हे टॅबलेट बाजारात आले आणि सप्टेंबर २०१६ नंतर भारतात आंतरजालाची सेवा अत्यंत स्वस्त झाली. यांमुळे वरील तिन्ही मर्यादा नाहीशा झाल्या. पडदा पाळण्यापर्यंत पोहोचला, तो एकट्याने पाहता येऊ लागला आणि एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होऊ लागली. अक्षरओळख नसलेले दीड-दोन वर्षांचे मूलही बोटाने चित्र सरकवू शकते. ही सहजता म्हणजे बुद्धिमत्तेचे लक्षण असा पुष्कळ पालकांचा समज असतो. तथापि ती बालकाच्या कौशल्यापेक्षा साधनाच्या सुलभ रचनेची द्योतक आहे.

शिशूची शिकण्याची रीत : पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतील तंत्रिका कोशिकांचे परस्परसंबंध अत्यंत वेगाने निर्माण होतात आणि वापराप्रमाणे ते दृढ होतात किंवा गळून पडतात. या काळात शिशू वस्तू तोंडात घालून, आपटून, टाकून, उचलून व त्यांच्यामागे रांगत जाऊन शिकते. चेंडू गोल आहे, तो घरंगळतो, पलंगाखाली गेला तरी तो नाहीसा होत नाही, हे ज्ञान हात, डोळे व शरीर यांच्या एकत्रित अनुभवातून येते. सपाट पडद्यावरील चेंडूला वजन, स्पर्श, वास वा खोली नसते [→ बालमानसशास्त्र].

भाषेच्या बाबतीत तर देवाणघेवाण हाच शिकण्याचा पाया असतो. बाळ हुंकार देते, आई त्याकडे पाहून तोच ध्वनी परत करते, बाळ पुन्हा प्रतिसाद देते. पाळण्यातील बाळाशी बोलणे, अंगाई, बडबडगीते, चिऊकाऊचे घास भरविणे, बोटे मोजून गुदगुल्या करणे या मराठी घरांतील परंपरागत रीती म्हणजे अशा आळीपाळीच्या संवादाचेच प्रकार होत. ध्वनिमुद्रित चित्रफीत कितीही मधुर असली, तरी ती बाळाच्या हुंकाराची वाट पाहत नाही.

प्रायोगिक पुरावा : अमेरिकेतील पट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांच्या शिशूंना चिनी (मँडरिन) भाषा ऐकविण्यात आली. ज्यांच्यासमोर चिनी भाषक व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली व बोलली, ती शिशू त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखण्यास शिकली. ज्यांना तीच व्यक्ती व तेच बोलणे पडद्यावर दाखविले किंवा केवळ ऐकविले, त्यांच्यात असे शिकणे आढळले नाही. जॉर्जीन ट्रोसेथ व ज्यूडी डेलोश यांच्या १९९८ मधील प्रयोगात शेजारच्या खोलीत खेळणे लपविताना बालकांना दाखविण्यात आले. खिडकीतून पाहणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांनी ते शोधून काढले. तीच क्रिया पडद्यावर पाहणाऱ्या त्याच वयाच्या मुलांना ते बहुधा सापडले नाही. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र पडद्यावरील माहितीचा उपयोग करता आला. पडद्यावरून शिकण्यातील या उणिवेस संशोधक ‘दृश्यफीत-न्यूनता’ या अर्थाची संज्ञा वापरतात.

शिशूंची शब्दसंपत्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या चित्रफितींचीही परीक्षा झाली आहे. डेलोश व सहकारी यांच्या २०१० मधील अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या बालकांनी चार आठवडे अशी चित्रफीत पाहिली. ती न पाहणाऱ्या बालकांपेक्षा त्यांना अधिक शब्द आले नाहीत. ज्यांच्या पालकांनी चित्रफितीशिवाय, रोजच्या व्यवहारातच ते शब्द शिकविण्याचा प्रयत्न केला, त्या बालकांची प्रगती सर्वाधिक होती.

पडदा हा सर्वस्वी निरुपयोगी ठरतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सारा रोझबेरी व सहकारी यांच्या २०१४ मधील अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले प्रत्यक्ष संवादातून नवी क्रियापदे शिकली, त्याचप्रमाणे दृश्य-दूरध्वनीवरील (व्हिडिओ कॉल) संवादातूनही शिकली. परंतु त्याच व्यक्तीच्या मुद्रित चित्रफितीतून शिकली नाहीत. पलीकडची व्यक्ती बालकाला उत्तर देते की नाही, हा येथे निर्णायक घटक दिसतो. परगावी असलेल्या वडिलांशी किंवा आजीआजोबांशी पडद्यावरून बोलणे आणि गाण्यांच्या चित्रफिती पाहत बसणे या दोन गोष्टी म्हणूनच एका मापाने मोजता येत नाहीत.

परिणाम : (१) भाषा व विकास : कॅनडातील शेरी मॅडिगन व सहकारी यांनी २,४४१ माता-बालकांच्या पाहणीवर आधारित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी पडदाकाल अधिक असलेल्या मुलांची पुढे तिसऱ्या व पाचव्या वर्षी घेतलेल्या विकासचाचण्यांतील कामगिरी तुलनेने कमी आढळली. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातील बोलणे यंत्राने नोंदविण्यात आले. तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे बालकाच्या कानांवर पडणारे प्रौढांचे सु. ६.६ शब्द, बालकाचे स्वतःचे सु. ४.९ उच्चार आणि सु. एक परस्परसंवाद कमी झालेला दिसला. पडद्यामुळे होणारी हानी मुख्यतः पडदा जे देतो त्यामुळे नव्हे, तर तो ज्याची जागा घेतो त्यामुळे होते, या मताला अशा निष्कर्षांनी पुष्टी मिळते.

(२) अवधान : अँजेलिन लिलार्ड व जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये दाखविले, की अवघी नऊ मिनिटे अतिवेगवान काल्पनिक व्यंगपट पाहिल्यानंतर चार वर्षांच्या मुलांची आत्मनियंत्रण व नियोजन यांच्या चाचण्यांतील कामगिरी, चित्रे काढत बसलेल्या मुलांपेक्षा तत्काळ घसरली. हा परिणाम किती काळ टिकतो, हे या प्रयोगावरून ठरविता येत नाही.

(३) निद्रा : झोपेपूर्वीच्या तेजस्वी प्रकाशाने मेलॅटोनीन या निद्रासंबंधी संप्रेरकाचा स्राव दबतो. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक पारदर्शक व बाहुली अधिक रुंद असल्याने हा परिणाम त्यांच्यात प्रौढांपेक्षा तीव्र असतो.

(४) दृष्टी : लघुदृष्टीचा संबंध जवळून पाहण्याच्या कामाशी व त्याहूनही अधिक उघड्यावरील वेळेच्या अभावाशी आढळतो. चीनमधील ग्वांगजो येथे सहा-सात वर्षांच्या शाळकरी मुलांना दररोज ४० मिनिटे अधिक मैदानावर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यात लघुदृष्टीचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतरांत ३९.५ टक्के आढळले.

(५) आहार व भावना : घास भरविण्यासाठी मोबाइल समोर धरल्यास बालकाचे भुकेच्या व पोट भरल्याच्या संवेदनेकडे लक्ष राहत नाही. रडणे थांबविण्यासाठी तो नेहमीच दिल्यास मन शांत करण्याचे अन्य मार्ग शिकण्याची संधी हुकते.

पुराव्याच्या मर्यादा : वरीलपैकी पुष्कळसे अभ्यास सहसंबंध दाखवितात, त्यांवरून कार्यकारणभाव निःसंशय सिद्ध होत नाही. दारिद्र्य, मातेवरील कामाचा ताण, खेळण्यास जागा नसणे या कारणांनी पडदाकाल वाढतो आणि त्याच कारणांनी विकासही मंदावू शकतो. शिवाय पाच मिनिटांचे नुकसान व पाच तासांचे नुकसान यांत महदंतर आहे. अतिवापराने स्वमग्नता (ऑटिझम) निर्माण होते, असे सिद्ध झालेले नाही. ‘आभासी स्वमग्नता’ ही रूढ होऊ पाहणारी संज्ञा मान्यताप्राप्त निदान नव्हे. या समजुतीतून दुहेरी हानी होते. एकीकडे पालकांवर अकारण दोष येतो आणि दुसरीकडे, केवळ मोबाइल बंद केला म्हणजे मूल बोलू लागेल या आशेने मोलाचे महिने वाया जातात. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी न आल्यास बालकाची श्रवणचाचणी व विकासतपासणी करून घेणे आवश्यक असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांच्या तपासणीची व जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत उपचारांची तरतूद आहे.

शिफारशी : अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना दूरचित्रवाणी दाखवू नये असा सल्ला दिला. २०१६ मध्ये त्यात बदल करून दृश्य-दूरध्वनीचा अपवाद वगळता १८ महिन्यांपर्यंत पडदा टाळावा आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या दर्जाच्या कार्यक्रमांपुरती दररोज एक तासाची मर्यादा असावी, असे सुचविण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडद्यासमोर बसविणे शिफारसयोग्य नाही. दोन ते चार वर्षांच्या वयात ते एका तासाहून अधिक नसावे व जितके कमी तितके उत्तम. त्याच तत्त्वांत एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल, एक-दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास व तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे.

१९६३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही दोन वर्षांखाली, नातलगांशी प्रसंगोपात्त दृश्य-संभाषण वगळता, पडदा नको आणि दोन ते पाच वर्षे या वयात तो एका तासापेक्षा अधिक नको, असे म्हटले आहे. फ्रान्समध्ये शासनाने नेमलेल्या तज्ज्ञसमितीने एप्रिल २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेने त्याच वर्षी दोन वर्षांपर्यंत पडदा नको, असा सल्ला दिला. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांच्या मतांत तपशिलाचा भेद असला, तरी पहिल्या दोन वर्षांविषयी त्यांत लक्षणीय एकवाक्यता आहे.

प्रत्यक्ष व्यवहार मात्र फार निराळा आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, रायपूर येथील संशोधकांनी भारतातील दहा अभ्यासांतील २,८५७ बालकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. पाच वर्षांखालील मुलांचा सरासरी पडदाकाल दिवसाला सु. २.२ तास, तर दोन वर्षांखालील मुलांचा सु. १.२ तास आढळला.

महाराष्ट्रातील स्थिती : मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या आणि शिक्षणासाठी मोबाइल घराघरांत मुलांच्या हाती आला. केंद्र शासनाच्या ‘प्रज्ञाता’ या जुलै २०२० मधील मार्गदर्शिकेत पूर्वप्राथमिक स्तरावर पालकांशी संवादासाठी दिवसाला ३० मिनिटांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्र शासनानेही त्याच महिन्यात या स्तरासाठी ३० मिनिटांची मर्यादा ठेवली. शाळा पुन्हा उघडल्या, तरी साथीच्या काळात लागलेली सवय सुटली नाही.

यावर खेड्यांनी आपल्या परीने उपाय योजले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बांशी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी घातली. साथीच्या काळात अभ्यासासाठी दिलेला मोबाइल खेळांसाठी व निरर्थक चित्रफितींसाठी वापरला जाऊ लागला, हे त्याचे कारण सांगण्यात आले. आधी समुपदेशन करावे व त्यानंतरही न ऐकल्यास दंड करावा, असे धोरण होते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून निराळी पद्धत अवलंबिण्यात आली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तासापुरते सर्व घरांतील मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे, मुलांनी अभ्यास करावयाचा व मोठ्यांनी वाचन वा संभाषण करावयाचे, असे ठरले. दोन्ही उपक्रमांचा रोख शाळकरी मुलांवर असला, तरी त्यांतील भेद शिशूंच्या दृष्टीनेही बोधप्रद आहे. बंदीचा भार केवळ मुलांवर पडतो. भोंग्याचा नियम वडीलधाऱ्यांनाही लागू होतो. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर नियम पाळावयाचा तो सर्वस्वी मोठ्यांनीच, कारण मोबाइल त्याच्या हाती देणारे तेच असतात.

पुसदला लागूनच असलेल्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी व तिच्या परिसरातील तांडे, पाडे यांचा विचार केल्यास या प्रश्नाची ग्रामीण बाजू स्पष्ट होते. कापूस व सोयाबीन यांच्या या प्रदेशात निंदणी व वेचणीच्या हंगामात शेतमजूर स्त्रिया दिवसभर शेतात असतात आणि लहान मुले आजी किंवा थोरल्या भावंडांच्या स्वाधीन असतात. चुलीपाशी, विहिरीपाशी वा रस्त्यावर मूल जाऊ नये म्हणून त्याला मोबाइल देऊन बसविले जाणे अशा घरांत स्वाभाविक आहे. येथे पडदा हे चैनीचे साधन नसून पाळणाघराचा पर्याय ठरतो. अशा मातेला केवळ निषेधाचा उपदेश करणे निष्फळ होय. अंगणवाडी पुरेसा वेळ उघडी राहणे, हंगामात पाळणाघराची सोय होणे आणि सावलीत खेळण्यास सुरक्षित जागा असणे यांवरच तो उपदेश पाळला जाणे अवलंबून आहे.

दुसरी बाब भाषेची आहे. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी मराठीबरोबर बंजारा (गोरमाटी), गोंडी व कोलामी याही घरच्या भाषा आहेत. शिशूंसाठीची प्रचलित गाणी व व्यंगपट प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीत असतात. रंगांची वा प्राण्यांची इंग्रजी नावे म्हणणाऱ्या मुलाचे कौतुक होते. परंतु तेच मूल आजीच्या भाषेत गोष्ट ऐकत नसेल, तर ज्या भाषेत त्याला प्रश्न विचारता आले असते व रुसता आले असते, तीच दुर्बळ राहते. मोजक्या भाषकांच्या कोलामीसारख्या भाषांच्या बाबतीत हा प्रश्न त्या भाषेच्या अस्तित्वाशी निगडित आहे.

पर्यायाची परंपरा : पडद्याला पर्याय म्हणून महागडी खेळणी लागतात, हा समज बरोबर नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासमवेत ते कार्य कोसबाड येथे वाढले. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधने खेड्यांना परवडणार नाहीत, हे जाणून त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया व माती यांची साधने बनविली. मूल अंगणवाडीपर्यंत येत नसेल, तर अंगणवाडीने मुलाच्या अंगणात जावे, ही त्यांची दृष्टी होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली व अंगणवाडी सर्वत्र पोहोचली. केंद्र शासनाच्या २०२४ मधील ‘नवचेतना’ (जन्म ते तीन वर्षे) व ‘आधारशिला’ (तीन ते सहा वर्षे) या आराखड्यांतही संवाद व खेळ यांनाच प्राधान्य आहे. मार्च २०२१ पासून अंगणवाडीसेविकांना ‘पोषण ट्रॅकर’ या उपयोजनात (ॲप) नोंदी कराव्या लागतात. तेव्हा बालकांच्या खेळगाण्यांचा वेळ सेविकेच्या पडद्याने घेऊ नये, हेही पाहणे अगत्याचे आहे.

व्यावहारिक दंडक : उपलब्ध ज्ञानावरून काही साधे दंडक निघतात. दोन वर्षांपर्यंत आप्तांशी संभाषणाखेरीज पडदा नसावा. त्यानंतर शाळेच्या वयापर्यंत तो एका तासाच्या आत, संथ गतीच्या व घरच्या भाषेतील कार्यक्रमांपुरता आणि शक्यतो मोठ्यांच्या सोबतीने असावा. सोबतच्या व्यक्तीने पाहिलेल्या गोष्टीविषयी मुलाशी बोलावे. चांगल्या शैक्षणिक कार्यक्रमांतून तीन ते पाच वर्षांची मुले अक्षरे, अंक व शब्द शिकतात, हे १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकन मालिकेच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. जेवताना, झोपेपूर्वीच्या तासाभरात आणि रडणे थांबविण्याचा नेहमीचा उपाय म्हणून मोबाइल देऊ नये. कोणी पाहत नसताना संच चालू ठेवू नये. सवय जडली असल्यास ती एकाएकी तोडण्यापेक्षा ठराविक वेळ नेमून क्रमाक्रमाने कमी करावी व मोकळ्या झालेल्या वेळात घरातील कोणी तरी मुलाला सोबत द्यावी. धान्य निवडताना, भाकरी थापताना वा गुरांना चारा घालताना मुलाला जवळ बसवून त्याच्याशी बोलत राहणे, ही कोणत्याही कुटुंबाला शक्य असलेली सोबत होय.